दोघींत मिळून एकच ताट

११ जून

खडू,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच तू हे पत्र बाजूला सारशील, म्हणून मुद्द्याचं आधी लिहिते. काल मी तुझ्या हॉस्पिटलात येऊन तपासणीसाठी रक्त देऊन गेले. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तुझं नाही ऐकायला मी काही रजा टाकून आले नव्हते. आता खुशाल फाड.

फोन तुझ्या लेकानं केला. 'मावशी, मी फोन केला हे आईला सांगू नकोस,' असंही म्हणाला. सांगून झालं आहे. त्याला रागावू नकोस. जिन्यात उभं राहून बोलत होता बिचारा. त्याच्याकडून कळलं की तुझ्या हाडांनी रक्त बनवायचं थांबवलंय. बाहेरचं रक्त चढवतात, ते थोडे दिवस पुरतं आणि मग तू पुन्हा भिंतीसारखी होतेस. औषधं देऊन झाली, एकही लागू पडलं नाही. आता दुसऱ्या कुणाचा तरी बोनमॅरो मिळाला तरच. डॉक्टरांनी भावंडं विचारली तर तू म्हणालीस, 'एक जुळी बहीण आहे. पण आम्ही सारख्या नाही, आणि ती येणार नाही.'

यातलं पहिलं मला मान्य आहे. दुसरं तुला कुणी सांगितलं?

काउंटरवरच्या मुलीनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा कागदाकडे. 'सख्ख्या बहिणी का?' मी म्हटलं, 'जुळ्या.' तिच्या भुवया वर गेल्या, पण तिचा काय दोष? जन्मापासून हेच चालू आहे. तू काडी, मी ओंडका. तुझा आवाज शेजारच्या खोलीत जात नाही, माझा आवाज ऐकून बसस्थानकावर झोपलेली माणसं गाडी पकडायला उठतात, आणि त्याचाच मला पगार मिळतो. शेजारपाजारचे म्हणायचे, दोघी एका दिवशी जन्मल्या एवढंच, बाकी एकीचा दुसरीशी संबंध नाही. आई रोज सकाळी तुला बीटाचा रस पाजायची, कारण तुझ्यात रक्त कमी. रस तुला आणि बीट हे नाव मला. आपल्या घरातला न्याय असा होता.

आणि तो किस्सा तर होताच. पाहुणे आले की आत्या सुरू करायची. 'या जन्मल्या तेव्हा एक खडूसारखी पांढरी, एक बीटासारखी लाल. दाई म्हणाली, हिनं पोटातच हिचं रक्त पिऊन टाकलंय.' सगळे पोट धरून हसायचे. तू माझ्याकडे अशी बघायचीस की मी अजून तोंडसुद्धा पुसलेलं नाही.

रक्त देताना काही वाटलं नाही. सुईला मी कधीच घाबरत नव्हते. नंतर थोडा वेळ बाकावर आडवं व्हावं लागलं ते उन्हामुळे. तपासणीचं उत्तर आलं की कळवते. तू काही कळवायची गरज नाही.

बीट


१७ जून

खडू,

तुझा निरोप लेकानं पोचवला. 'तिचं नको.' भाजी निवडावी तसं तू इथंही निवडत बसली आहेस.

मी त्याला विचारलं, का नको, काही म्हणाली का? आधी टाळाटाळ केली, मग म्हणाला, 'आई म्हणते, घेतलं तर तिचं आयुष्यभर ऐकून घ्यावं लागेल.' हे मात्र तू बरोबर ओळखलंस. ऐकवणारच. पण ऐकायला तू असायला हवीस ना.

त्या सत्काराचं तू मनात धरून बसली आहेस. मीही बसले आहे. नऊ वर्षं दोघी दोन टोकांना फुगून बसलोय. तुझी बाजू तू सगळ्या नातेवाइकांना सांगितलीस, आज माझी ऐक. हलता येत नाही तोवर ऐकून घे.

तुझ्या कॉलेजनं तुझा सत्कार ठेवला आणि घरच्या कुणीतरी दोन शब्द बोलावेत म्हणून मला बोलावलं. इंग्रजीच्या प्राध्यापिकेचा सत्कार, तेव्हा मी ठरवलं, एक तरी वाक्य इंग्रजीतून म्हणायचं. आमच्या आगारातल्या हिशेबनीसानं वाक्य बनवून दिलं. माझ्या बहिणीत गुणांचा 'प्लेथोरा' आहे, अशा अर्थाचं. मी विचारलं, प्लेथोरा म्हणजे? तो म्हणाला, 'म्हणजे रेलचेल. पुष्कळ म्हणायचं असलं की शिकलेली माणसं हा शब्द वापरतात.' मला आवडला. तोंड कसं भरून येतं. मी तो घोकला. भांडी घासताना घोकला, रस्त्यानं चालताना घोकला. एका दुपारी कंट्रोल रूममध्ये एकटीच होते, दोन गाड्यांच्या मधे वेळ होता, म्हणून सगळं वाक्य ठणठणीत आवाजात म्हणून पाहिलं. माइक चालू राहिला होता. अख्ख्या स्थानकानं ऐकलं. एक आजोबा खिडकीशी येऊन विचारायला लागले, 'बाई, ती प्लेथोरा कुठल्या फलाटाला लागते?' हे तुला सांगून तुझ्याबरोबर हसायचं म्हणून मी राखून ठेवलं होतं. कार्यक्रम झाला की तुझ्या घरी राहणार होते ना त्या दिवशी.

मग तो दिवस. मी वाक्य म्हटलं, न अडखळता. आणि तू, गळ्यात हार, शेजारच्या माइकवरून हसत म्हणालीस, 'प्लेथोरा म्हणजे पुष्कळ नव्हे हं. प्लेथोरा म्हणजे नको इतकं. माझे गुण नको इतके झालेत असं बहिणीचं म्हणणं दिसतंय.' सगळं सभागृह हसलं. तुमचे प्राचार्य तर रुमाल काढून हसले. तू शिकवायच्या सवयीनं बोललीस, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मी काही तुझ्या वर्गात बसले नव्हते. म्हणून मीही माइकवरूनच म्हटलं, 'नको इतका असा तिच्यात एकच गुण आहे, आणि तो आत्ता तुम्ही सगळ्यांनी पाहिला.' आणि खाली उतरून तडक घरी.

मी माफी मागणार नाही. तू मागावीस असंही आता म्हणत नाही. पण एका शब्दापायी जीव घालवशील इतकी तू वेडी नाहीस. असशील तर तुझ्या पदव्या परत कर.

बीट


२३ जून

खडू,

बसली असशील तर आडवी हो. आडवी असशील तर उठून बस.

आज तुझ्या डॉक्टरीणबाईंनी मला बोलावलं होतं. आपल्या मुलांच्या वयाच्या आहेत, पण त्यांच्यासमोर मी पदर सावरून बसते. बोलणं अगदी मोजकं. म्हणाल्या, 'तुमचं दोघींचं जुळतंय.' मी हसायला लागले तर हात वर करून थांबवलं. म्हणाल्या, 'बहिणीचं असलं तरी ते दुसऱ्याचं. या वयात नवा बोनमॅरो जुन्या शरीरावर उलटू शकतो. तुमची बहीण नाही म्हणतेय, त्यात अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही.' तुझा हट्ट मोडायची माझी तयारी होती, पण तुझं खरं ठरायची नव्हती.

काहीतरी विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, 'यांना लहानपणापासूनच रक्त कमी होतं का?' आणि मी, दुसरं काही सुचेना म्हणून, आत्याचा किस्सा सांगितला. खडू, बीट, दाई, सगळं. आत्याच्या आवाजात सांगितला. कुणी का असेना, तिथं हसतंच. या हसल्या नाहीत. पेन खाली ठेवलं.

'जन्मतःच? एक लाल आणि एक पांढरी?'

'हो.'

'वार एक होती की दोन?'

मी म्हटलं, 'मला काय माहीत, मी आत होते.'

वार म्हणजे पोटात बाळाला आईचं रक्त जिच्यातून मिळतं ती. ती एक का दोन हे ठाऊक असलेलं माणूस जगात एकच उरलंय. आत्याला फोन लावला. तिला आता ऐकू येत नाही हे तुला माहीत आहेच. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून, गाडी सुटायच्या वेळी ओरडते त्या आवाजात विचारलं, 'आत्या, आमची वार किती होती?' सगळा मजला थांबला. एक वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन चालला होता, तोही थांबला आणि स्ट्रेचरवरच्या माणसानं मान उचलली. आत्या म्हणाली, 'एकच गं. दाई म्हणाली होती, दोघींत मिळून एकच ताट वाढलंय. पण आता कशाला हवीय?'

आता नीट वाच. एका ताटात जेवणाऱ्या जुळ्यांमध्येच हे होतं, म्हणे. दोघींच्या मधे रक्ताच्या बारीक वाटा असतात, आणि कधी कधी एकीचं रक्त दुसरीकडेच वाहत राहतं. ही रिकामी होत जाते, ती भरत जाते. आणि ताट एक म्हणजे बी एक, हे जवळजवळ ठरलेलं. म्हणजे आपण नुसत्या जुळ्या नाही. एकच बी दुभंगून झालेल्या दोघी आहोत. तंतोतंत. मी म्हटलं, 'अहो, पण तिच्याकडे बघा आणि माझ्याकडे बघा.' त्या म्हणाल्या, 'सुरुवातच वेगळी झाली. एकीला कमी मिळालं, एकीला जास्त. पुढे एकीला जपलं, एकीला पिटाळलं. अंग वेगळं झालं, आतून एकच.'

ज्या किश्शावर सगळी हसायची आणि तू धुमसायचीस, तोच आपला पुरावा निघाला.

आणि हे घडत असताना बाईंनी सहज एक वाक्य टाकलं. 'वैद्यकीय भाषेत, जन्मताना तुम्हाला प्लेथोरा होता.' मी खुर्चीतून उठलेच. म्हटलं, 'तो शब्द पुन्हा म्हणा.' त्यांना वाटलं मला राग आला. समजूत घालायला लागल्या की ही काही शिवी नाही.

आणखी एक तपासणी केली आहे. तिचं उत्तर आलं की बाई तुला स्वतः सांगतील.

बीट


२७ जून

खडू,

उत्तर आलं, बाईंनी तुला सांगितलं, आणि संमतीच्या कागदावर सही करायची सोडून तू म्हणालीस 'विचार करते'. तुझ्या आणि माझ्या नळीवरची चिठ्ठी काढली तर प्रयोगशाळेला सांगता येत नाही कुठली कुणाची. उलटायची भीती जवळपास गेली, कारण शरीराला वाटेल आपलंच परत आलं. आणि बाईसाहेब विचार करतायत.

कर. तोवर मीही रिकामी बसले नाही. ग्रंथालयात जाऊन तो मोठा शब्दकोश काढायला लावला. उचलून टेबलावर ठेवताना शिपाई माझ्याकडे असा बघत होता की मी त्याच्या पाठीचं वाटोळं करायला आले आहे. तुझा शब्द काढला. मूळ ग्रीक. अर्थ भरलेपण. ग्रीकांकडून लॅटिनात गेला, तिथून चार-पाचशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आला, आणि आला तो वैद्यांच्या पेटीतून. ज्याच्या अंगात रक्त जास्त झालंय, तोंड लाल, शिरा टरारलेल्या, डोकं ठणकतंय, त्याला हा शब्द. त्यावर उपाय एकच, शीर कापून रक्त काढायचं नाहीतर जळवा लावायच्या. पुढे लोकांनी तो वैद्यांच्या हातून घेतला आणि जे काही गरजेपेक्षा जास्त झालं त्याला लावला. आणि लोकच ते, वापरता वापरता त्यातलं 'नको इतकं' झिजून गेलं आणि 'पुष्कळ' राहिलं. कोशात दोन्ही अर्थ आहेत. दुसऱ्यापाशी लिहिलंय की काटेकोर लोकांना हा वापर खपत नाही. तिथं तुझा फोटो लावायचा राहिलाय.

तेव्हा तू बरोबर होतीस. हिशेबनीसही बरोबर होता. हे नऊ वर्षांपूर्वी कुणी शांतपणे पाहिलं असतं तर आपल्या दोघींच्या कितीतरी सुट्ट्या वाचल्या असत्या.

पण मी लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. बाईंना मी विचारलं, लाल झालेल्या पोरीचं काय होतं? मला वाटलं होतं, काय होणार, गुटगुटीत. त्या म्हणाल्या, तिला धोका कमी नसतो, कधी कधी जास्तच असतो. रक्त घट्ट होतं, एवढ्याशा काळजाला दोघींचं ओझं ढकलावं लागतं. मग पुन्हा आत्याला फोन केला, या वेळी घरून. ती म्हणाली, 'हो तर. आई पांढरीला कुशीत घेऊन रडत होती, आणि डॉक्टर सबंध दिवस लालीपाशी बसून होता. तिच्या बेंबीतून रक्त काढत होता आणि खारं पाणी घालत होता. तू जगतेस की नाही ते कुणाला माहीत नव्हतं.' मी विचारलं, मग हे किश्शात का नाही? ती म्हणाली, 'याच्यात हसण्यासारखं काय आहे?'

म्हणजे तू जन्मभर समजत राहिलीस की मी तुझं खाल्लं. आणि मी जन्मभर मनात म्हणत राहिले की ही नाजूक, हिला रस, हिला खिडकीची जागा, हिला फी, आणि मला पाण्याच्या कळश्या. आणि खरं पाहिलं तर तुला कमी पडलं आणि मला बाधलं. दोघींनी काही केलं नव्हतं. आत वाट होती, रक्त आपलं उतार बघून वाहत होतं.

आता ती वाट बाहेरून काढायची आहे, एवढंच. माझ्याकडे अजूनही जास्त आहे. बाई म्हणाल्या, माझी हाडं एखाद्या तरुण पोरीसारखी रक्त बनवतायत. मी तुला उपकार म्हणून देत नाही आणि परतफेड म्हणूनही नाही. मला तू हवी आहेस. या नऊ वर्षांत एकही गंमत मला पुरती वाटली नाही, कारण ती तुला सांगितलेली नव्हती. हे मी तुझ्या तोंडावर कधी म्हणू शकले नसते, म्हणून लिहितेय.

सही कर गं.

बीट


१ जुलै

खडू,

पाकीट मिळालं. आधी वाटलं तू माझं पत्र न वाचता परत पाठवलंस. उघडलं तर पानभर लाल शाई. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेत. 'कितीतरी सुट्ट्या' खाली रेघ मारून लिहिलंस, 'नेमक्या किती?' शब्दकोशाच्या मजकुराशेजारी समासात लिहिलंस, 'मूळ ग्रीक क्रियापद, भरून असणे. कोशात दिलं आहे, तू वाचलं नाहीस.' हातात सलाईन असताना बाईचा हात किती सुबक चालतो. आणि शेवटी, माझ्या सहीखाली, 'नऊ वर्षं मी हा शब्द वर्गात शिकवला नाही. पाठात आला की पान उलटायचे. शुद्धलेखन दहापैकी चार. मजकूर दहापैकी दहा. सही केली.'

मी ते पान घेऊन कंट्रोल रूममधून धावत सुटले. हिशेबनीसाला दाखवलं, वाहतूक नियंत्रकाला दाखवलं, उपाहारगृहातल्या बाईला दाखवलं. तिला काही कळेना, पण तिनं मला चहा दिला आणि पैसे घेतले नाहीत. दहापैकी दहा मला शाळेत कधीच मिळाले नव्हते. तुझ्याशेजारी बसून पेपर दिले तरी मिळाले नव्हते.

मी रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, एका ठिकाणी जास्त झालंय, दुसऱ्या ठिकाणी पोचवून येते. त्यांना वाटलं प्रवाशांबद्दल बोलतेय. लगेच मंजूर केली.

बीट


१९ जुलै

खडू,

हे पत्र सिस्टर काचेला लावून धरणार आहेत, म्हणून मोठ्या अक्षरात लिहितेय. कागद आत चालत नाही, जंतू असतात. तुला लाल पेन आत दिलेलं नाही याचा मला फार आनंद आहे.

माझं छान चाललंय. मला झोपवून कमरेच्या हाडातून काढलं, मला पत्ताही लागला नाही. आता बसताना मी जरा तिरकी बसते आणि उठताना आई गं म्हणते, ते मी पूर्वीही म्हणायचे. तुझा लेक मला हाताला धरून चालवतो. मी म्हटलं, मला काय झालंय? म्हणाला, 'मावशी, तू भिंतीला धरून चालतेयस.' त्याला सगळंच दिसतं.

मला वाटलं होतं बादली नाहीतर घागर तरी निघेल. निघाली एक पिशवी. लालभडक, दुधाच्या पिशवीपेक्षा थोडी मोठी. मी विचारलं, 'एवढीशीच?' बाई म्हणाल्या, पुरेशी आहे. ती पिशवी तुझ्या खाटेवर टांगली तेव्हा मी काचेबाहेर उभी होते. तू टोपी घालून डोळे मिटून पडली होतीस, आणि नळीतून ते हळूहळू तुझ्याकडे यायला लागलं. मी ओरडायला नको म्हणून तोंडावर हात ठेवला. तू एकदा डोळे उघडलेस आणि नळीकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मग हात थोडासा वर केलास, वर्गात हजेरी घेताना पोरं करतात तसा.

आता काही दिवस वाईट जातील असं बाईंनी सांगून ठेवलंय. तुझं जुनं उरलंसुरलं त्यांनी औषधानं पुसून काढलंय आणि नवं अजून रुजलेलं नाही. काल तुला ताप आला. मी रात्रभर काहीबाही मनात आणत राहिले, ते लिहीत नाही. सकाळी सिस्टर म्हणाल्या, ताप उतरला, आणि मला त्यांना मिठी मारायची होती पण कंबर वाकेना.

तू फक्त पडून राहा. आतल्या कामाची काळजी करू नकोस. माझं आहे ते, कामचुकार नाही.

बीट


१२ ऑगस्ट

खडू,

आता आपण रोज बोलतो, तरी हे लिहितेय. कारण काल जे झालं त्यातलं निम्मं तुला दिसलेलं नाही. तुझा चेहरा तुझ्यासमोर नव्हता, माझ्यासमोर होता.

सकाळी मी आले तेव्हा बाई कॉरिडॉरमध्ये होत्या. हातात रिपोर्ट. या बाई मोजून बोलतात, पण काल लांबूनच हाक मारली, 'ओ मावशी, लागलं!' मला आधी वाटलं कुणाला लागलं. मग त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. मला आकडे कळत नाहीत. त्यांनी बोट ठेवून दाखवलं, तांबड्या पेशी चढतायत, पांढऱ्या चढतायत, तिसऱ्या कसल्या त्याही. बाहेरचं रक्त बंद करून बरेच दिवस झाले. म्हणाल्या, 'हे सगळं त्यांच्या हाडांनी बनवलंय. आता त्यांचं त्या बनवतायत.' मी त्या कॉरिडॉरमध्ये मोठ्यानं रडले. आवाज माझा तुला माहीत आहे. बाजूच्या वॉर्डातून दोन नातेवाईक धावत आले, काय झालं म्हणून. तुझा लेक त्यांना सांगत होता, 'चांगलं झालंय, चांगलं झालंय,' आणि स्वतःही रडत होता. मग त्या अनोळखी बायका पण रडल्या. असं रडणं मी आयुष्यात रडले नव्हते. पोट भरून.

मग बाईंनी मला आत सोडलं. टोपी, मास्क, हिरवा झगा, पायात पिशव्या. तुलाही तसंच. मी आत आले तर तू खाटेवर नव्हतीस. खाटेचा कंटाळा आला म्हणून खिडकीशी पाहुण्यांच्या खुर्चीत बसली होतीस. मी उभी राहिले तर म्हणालीस, 'उभी काय राहतेस, कंबर दुखेल. बस खाटेवर.' खाटेवर बसायचं नसतं हे दाराबाहेर मोठ्या अक्षरात लिहिलंय. बसले. नऊ वर्षांनी तू मला काहीतरी करायला सांगितलं होतंस, मी कशाला नाही म्हणतेय.

आपण किती वेळ बोललो मला आठवत नाही. प्लेथोराच्या गाडीचा किस्सा मी तुला शेवटी तोंडी सांगितला आणि त्या आजोबांचा आवाज काढून दाखवला. तू हसलीस, आणि मी बघत राहिले. औषधांनी तुझं तोंड गोल झालंय. मास्कच्या वर गालांची जी पट्टी दिसत होती ती लाल होती. ताप नव्हता, मी विचारून घेतलंय. लाल होती ती हसल्यानं. माझी तशी होते ना, अगदी तशी. आणि डोळ्यांच्या कडांना त्याच सुरकुत्या, डावीकडे एक जास्त. आरशात मी रोज बघते, म्हणून ओळखल्या. हे सगळं आधीपासूनच तिथं होतं की परवापरवा आलं, मला सांगता येणार नाही. मी इतक्या जवळून तुझ्याकडे पाहिलंच कधी नव्हतं.

तेवढ्यात तो वॉर्डबॉय आला. दुसऱ्या मजल्यावरून आलेला, नवीन. तुला छातीच्या फोटोसाठी न्यायचं म्हणून चाकाची खुर्ची घेऊन आला आणि दारातच अडखळला. एक बाई खाटेवर, एक खुर्चीत. दोघींना टोपी, दोघींना मास्क, दोघींना झगा.

'पेशंट कोण?' त्यानं विचारलं.

मी तोंड उघडणार, तर तू बोट वर करून मला गप्प केलंस. प्राध्यापिका जाग्या झाल्या.

'ओळखा,' तू म्हणालीस.

तो तुझ्याकडे बघायचा, मग माझ्याकडे. पुन्हा तुझ्याकडे. पन्नाशी उलटलेल्या आपल्या आयुष्यात कुणाला हा प्रश्न पडला नव्हता. आईला नाही, मास्तरांना नाही, आत्याला नाही. तुझे खांदे हलत होते, हसू दाबताना माझे हलतात तसे.

शेवटी त्यानं मनाशी काहीतरी ठरवलं, आणि खुर्ची वळवून माझ्यापुढे आणून उभी केली.

'चला, मावशी,' तो मला म्हणाला. 'सावकाश बसा. फार पांढऱ्या पडलाय तुम्ही.'

बीट